मंगळवारची ड्युटी

आमच्या घरात नळ आला त्या दिवसापासून तो माझ्या एकटीच्याने कधी उघडलेला नाही. माझे सासरे काळू सोमा रोकडे, ज्यांना सगळा गाव आबा म्हणतो, ते शहापूरकडे तानसाच्या पाइपलाइनवर चाकरीला होते. मुंबईला जाणाऱ्या पाण्याचे मोठाले व्हॉल्व फिरवण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त होऊन मुरबाड तालुक्यात, म्हसा गावाच्या अलीकडच्या आमच्या गावी कायमचे राहायला आले, तरी मनगटातली सवय गेली नाही. नळ बंद करायचा म्हणजे असा आवळायचा की उघडायला पक्कड घ्यावी. मी खरकटी भांडी घेऊन ताटकळत उभी, आणि हे ओसरीवर बसून मला ऐकवणार, "बंद म्हंजे बंद. ठिबाकता नये."

माणसाचं बोलणंही तसंच. एकदा एखादा विषय आवळला की तो उघडायची कोणाची टाप नाही. माझा नवरा महेंद्र कल्याणला कोर्टात कारकून आहे. दिवसभर वकिलांची हुज्जत ऐकतो, पण घरी आबांनी 'नाय' म्हटलं की हा पेपर उघडून बसतो, मग तो पेपर कालचा का असेना. मी स्वतः प्राथमिक शाळेत शिकवते. पहिली-दुसरीची वर्गभर पोरं माझं ऐकतात. आबा एकटे ऐकत नाहीत.

त्यांचा मुख्य हट्ट आधी सांगते, कारण तो सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. आमच्या घरात गुरं नाहीत. भातशेती आहे, परड्यात जागा आहे, ओढ्याकाठी गवत माजलेलं आहे, पण गाय नाही, म्हैस नाही, बैल तर नाहीच. नांगरणीला दुसऱ्याचे बैल आणायचे. माझ्या माहेरी, शहापूरला, दारात दोन म्हशी असायच्या. इथे लग्न होऊन आले तर सारवायला शेण नाही! टोपली घेऊन पाटीलआळीत मागायला जायचं. अंगावरची हळद उतरली नव्हती आणि माझं पहिलं काम काय, तर लोकांच्या गोठ्यापुढे उभं राहणं. "काय गो, रोकड्यांची सून, शेनबी मागाया लागतं?" असं बायका हसून विचारायच्या. मी घरी येऊन फणफणले. सासूबाई तेव्हा हयात होत्या, त्यांनी नुसतं आबांकडे बोट दाखवलं. आबा शांतपणे म्हणाले, "ढोर पाळलं की कदी ना कदी मरनार. मेलं की वढनार कोन?"

मग ती गोष्ट आली. सत्तावन साली आमच्या वस्तीने धम्माची दीक्षा घेतली, आणि त्याच बैठकीत ठरलं की गावातलं मेलेलं जनावर यापुढे ओढायचं नाही. तोवर कोणाच्याही दावणीला जनावर मेलं की वस्तीत हाक यायची आणि सोमा, म्हणजे आबांचे वडील, दोर घेऊन निघायचे. आबा तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे. तो दोर त्यांनीही ओढला होता. मग एका सकाळी हाक आली आणि वस्तीतलं कोणी उठलंच नाही. पाटलाचा बैल दारात फुगत पडला. गावाने वस्तीवर बहिष्कार टाकला. मजुरी बंद, दुकान बंद, विहिरीवर भांडण. मीठ आणायला माणसं मुरबाडपर्यंत चालत गेली. सोमाने दोर नदीत सोडून दिला.

ह्या गोष्टीचा मला अभिमान आहे, हे आधीच सांगून ठेवते. पण ती मी इतक्यांदा ऐकली आहे की मीठ कुठल्या दुकानातून आणलं तेही मला पाठ झालंय. भीमजयंतीला ती गोष्ट, पाहुणे आले की ती गोष्ट, झोडणी चालू असताना ती गोष्ट. शेवट ठरलेला: "त्या दिसापास्ना आमच्या घरात दोर नाय." आणि ते नुसतं बोलणं नव्हतं हो! आमच्याकडे कपडे वाळत घालायला तार आहे. विहिरीच्या पोहऱ्याला साखळी होती. माझी दोन्ही पोरं साडीच्या झोळीत वाढली, कारण पाळणा टांगायला दोर लागतो. गावात कुठे जनावर मेल्याचं कळलं की आबा विहारात जाऊन दार लावून बसायचे आणि सगळं आटोपल्यावर बाहेर यायचे.

अशा माणसाच्या नातीने गुरांची डॉक्टर व्हायचं ठरवलं. माझी थोरली, मेघा. बारावीला चांगले मार्क पडले, मुंबईला पशुवैद्यकीयला नंबर लागला आणि मी आबांच्या 'नाय'ची वाट बघत बसले. पण आबा खूश. "डाक्टर ती डाक्टर. जितं ढोर बरं करनार ती. त्यात काय हाय?" जिवंत जनावराशी त्यांचं भांडण नव्हतंच. म्हशाच्या जत्रेत बैलबाजारात उभे राहून ते अनोळखी गिऱ्हाइकांना सांगायचे, "घ्या बैल, घ्या बिनघोर. आजारी पडला तं माजी नात हाय." स्वतः मात्र कधी शेळीही घेतली नाही. मला हसावं की रडावं ते कळायचं नाही.

घोडं अडलं ते पुढे. मेघा मास्टर्सला गेली. तिचा विषय रोगनिदानाचा, असं तिने आबांना सांगितलं होतं आणि ते खोटं नव्हतं. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात विद्यापीठाने तिला शिष्यवृत्ती दिली. ही फी माफ करणारी शिष्यवृत्ती नव्हे. परदेशात सहा महिने प्रत्यक्ष कामावर राहून शिकायचं, आणि विमानाचं भाडं, राहणंखाणं सगळं विद्यापीठाकडून. तिच्या सरांनी डेन्मार्कमधल्या एका प्रयोगशाळेला लिहिलं होतं, त्यांनी 'ये' म्हणून कळवलंही होतं. त्या गावाचं नाव माझ्या तोंडात अजून बसलेलं नाही. जुलै संपायच्या आत मेघाने होकार द्यायचा, नाही तर जागा दुसऱ्याला जाणार. एवढी सोपी गोष्ट. दुसऱ्या कोणाच्या घरी असती तर संध्याकाळपर्यंत पेढे वाटून झाले असते.

"आबांना प्रयोगशाळा सांग आणि गप्प बस," असं महेंद्रने लेकीला एसटी स्टँडवरून घरी आणतानाच बजावलं होतं. पण ती नात कोणाची?

रात्री आम्ही जेवायला बसलो. तांदळाची भाकरी, सुकटाचं कालवण. मेघाने सगळं सांगितलं. आबा ऐकत होते, मान डोलवत होते. एका शब्दावर थांबले.

"कामाला? शिष्यवृत्ती शिकाया देतात का कामाला?"

"काम करत शिकायचं, आबा. तिकडे तशीच पद्धत आहे."

"काय काम?"

महेंद्रने माझ्याकडे पाहिलं, मी मेघाकडे. मेघाने सरळ आबांकडे पाहिलं. "मेलेली जनावरं येतात तिथे. गाई, घोडे, डुकरं. ती उघडून बघायची, कशाने मेली ते शोधून काढायचं. म्हणजे बाकीची वाचवता येतात."

"मेलेली?"

"हो."

आबांनी अर्धी भाकरी तशीच टाकली आणि ताटात हात धुतला. "नाय," म्हणाले. झालं, नळ आवळला गेला.

दुसऱ्या दिवशी मेघा त्यांना समजवायला बसली. मी आतून ऐकत होते आणि लसूण सोलायच्या ऐवजी ठेचत होते. आबा म्हणाले, "माज्या बापानं दोर नदीत सोडला. तू इमानात बसून तो आनाया चाललीस?"

"त्यात दोर कुठे आहे, आबा? तिथे चाकू असतो, सूक्ष्मदर्शक असतो."

"ढोर मेलेलं हाय ना? मंग दोर हाय." त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे हात केला. "बाबासाहेब परदेशी गेले ते शिकाया गेले. तू ढोरं फाडाया जानार. लोकांना काय सांगू मी?"

मला राहवलं नाही. मी बाहेर येऊन म्हटलं, "लोकांना सांगा की नात शास्त्रज्ञ होतेय! कोणी विचारलं नाही तर तेही सांगू नका!" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी तानसाचं पाणी चोरलंय. मग काठी उचलली आणि विहारात जाऊन बसले. घरात वाद झाला की विहार. आमच्या विहारात ध्यानाला जेवढे लोक बसत नसतील तेवढे आबा एकटे रुसून बसलेले आहेत.

बरं, मेघाने तरी शहाणपणा करावा? ती म्हणाली, "मग मी नाही जात."

"नाही जात म्हणजे?"

"आबांनी नाही म्हटल्यावर जाणं म्हणजे पळून जाणं. मला शाळेत घालायला कोण आलं होतं? तू बाळंतीण होतीस, बाबा कल्याणला. आबा आले. मला त्यांच्या तोंडून 'जा' ऐकायचंय."

मी कपाळावर हात मारून घेतला. एक म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसलेला, एक पोरगी दुसऱ्या भिंतीकडे, आणि मधे मी. महेंद्रला म्हटलं, "तुम्ही काही बोलणार आहात का?" तो म्हणाला, "दोघांचंही बरोबर आहे." कोर्टात राहून राहून माणसाचं हे असं होतं. वस्तीतल्या तरुण मंडळाने तर मेघाचा फोटो टाकून बॅनरसुद्धा छापून आणला होता, सत्काराला आबा अध्यक्ष. आबांनी निरोप पाठवला, अध्यक्ष दुसरा बघा. पोरांनी बॅनर गुंडाळून आमच्याच पेटीमागे ठेवला. केर काढताना रोज तो माझ्या पायात यायचा आणि मी रोज त्याला लाथेने आत सारायची.

जुलै अर्धा संपला. सगळीकडे भाताच्या लावण्या चालल्या होत्या. मेघा घरीच होती. होकार कळवला नव्हता आणि नकारही कळवला नव्हता. एका सकाळी डोक्यावर प्लास्टिक घेतलेले धाऊ पाटील आमच्या अंगणाच्या कडेला येऊन उभे राहिले. सत्तावन साली ज्यांच्या दारात बैल फुगला, त्या पाटलांचे हे चिरंजीव, आबांच्याच वयाचे. त्यांनी तिथूनच हाक मारली, "काळू, म्हस मेलीय रे. नात आलीय ना घरी? पाठव तिला."

माझ्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. अरे देवमाणसा, दुसरे शब्द नव्हते का तुझ्याकडे?

आबा ओसरीवरून उठले. आवाज चढवला नाही, तेच जास्त वाईट. "आमच्या घरातना त्या कामाला कोनी येत नाय. तुला ठाव नसंल. तुज्या बापाला ठाव होतं."

धाऊ पाटलांच्या तोंडावरचा रंग उतरला. त्यांच्या मनात तसं काही नसावं. घाबरलेला माणूस शब्द कुठे निवडून बोलतो? "तसा नाय बोल्लो, काळूदादा," ते म्हणाले. "ही दुसरी म्हस गेली. तिसरी चारा खाईना, तोंडातना लाळ गळतेय. डाक्टरांची गाडी वढ्यापल्याड अडाकलीय, वढ्याला पानी हाय. पोर शिकलीय म्हनून आलो."

तेवढ्यात मेघा गमबूट घालूनच बाहेर आली. म्हणाली, "येते मी, पाटीलबाबा. पण म्हैस गोठ्यातून माळावर तुम्ही आणायची. खड्डा तुम्ही खणायचा, आणि नंतर पुरायचीही तुम्हीच. मी फक्त बघणार."

"आमीच आननार, बाय. दुसरं कोन येतंय आता?" धाऊ पाटील म्हणाले आणि वळले.

मेघा त्यांच्यामागे गेली. मला वाटलं, आता आबा विहाराची वाट धरणार. त्यांनी काठी घेतली, छत्री घेतली, विहाराच्या दिशेने चार पावलं गेलेही, आणि मग थांबले. वळून माळाकडे निघाले. मी चुलीतलं लाकूड ओढून ठेवलं आणि पदर खोचून त्यांच्यामागे गेले. म्हटलं, ह्यांना वाटेत चक्कर आली तर तेही माझ्याच माथी.

आबा बांधावर उभे राहिले, लांब. खाली धाऊ पाटलांची दोन पोरं आणि एक पुतण्या म्हशीच्या पायांना दोर बांधत होते. मेघा बाजूला उभी होती. पोरांनी ओढायला सुरुवात केली. चिखल घोट्याच्या वर, म्हैस जाडजूड, हलेना. मग धाऊ पाटील स्वतः पुढे झाले, धोतर वर खोचलं आणि दोराला हात घातला.

मी आबांकडे पाहिलं. ते नातीकडे बघत नव्हते. दोराकडे बघत होते. पाटलाच्या हातातल्या दोराकडे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं गावात गुरं मेली, कोणी ना कोणी ती ओढलीच असणार. पण आबांनी ते कधी पाहिलंच नव्हतं. ते दार लावून विहारात बसलेले असायचे. त्यांच्या डोळ्यांपुढे दोर होता तो अजून सोमाच्याच खांद्यावर होता. मला एकदम भरून आलं, आणि स्वतःचाच राग आला की ह्या हट्टी माणसासाठी आपण चिखलात उभं राहून रडतोय.

धाऊ पाटील घसरले आणि मटकन चिखलात बसले. तशी बांधावरून आरोळी आली, "अरं, हातानं नको वढू! खांद्यावर घे दोर! खांद्यावर घे आनि पाय रोव!"

आबांची आरोळी! खालच्या सगळ्यांनी माना वर केल्या. धाऊ पाटलांनी दोर खांद्यावर घेतला, पाय रोवले आणि म्हैस सरकली. आबा आपल्याच तोंडाकडे हात नेऊन उभे राहिले. तोंडातून आपलं नव्हे दुसऱ्याच कोणाचं काही निघून गेल्यासारखा चेहरा झाला होता.

पुढचं काम मेघाचं. तिने आधी म्हशीचं नाक-तोंड नीट पाहिलं, मग लांब हातमोजे घातले आणि पोट उघडलं. मी तोंड फिरवलं. ती वाकून वास घेत होती, काय काय काढून बघत होती. मग तिने विचारलं, "चारा कुठून कापला?" राबाच्या, म्हणजे भाताची रोपं वाढवतात त्या तुकड्याच्या, बांधावरून. "राबात काय टाकलं होतं?" किडीचं दाणेदार औषध. पावसाने ते वाहून बांधावरच्या गवतात उतरलं होतं. मेघाने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. दुपारी ओढा उतरला तसे ते इंजेक्शनं घेऊन आले आणि तिसरी म्हैस वाचली. त्या आठवड्यात मी शेण मागायला गेले नाही. ते टोपलीभर घरपोच आलं.

आता तरी आबा बोलतील ना? छे! दोन दिवस चूप. जेवायचे, नळ आवळायचे, झोपायचे. महिना संपत आला होता. मी मुद्दाम कॅलेंडर त्यांच्या डोळ्यांपुढच्या खिळ्याला आणून लावलं. त्यांनी ते काढून परत जागेवर लावलं. तिसऱ्या दिवशी दुपारी भाताची पेज पिताना त्यांनी वाडगा खाली ठेवला आणि मेघाला विचारलं, "तिथं वढतं कोन?"

"कुठे, आबा?"

"तुज्या त्या डेन्मार्काला. ढोर आतमंदी कोन आनतं?"

"अहो आबा," मी मधेच म्हटलं, "तिकडे यंत्रं असतात!"

"यंत्र सोताहून चालतं व्हय? मी जन्म काडला यंत्रावर. चालवनारा असतोच. तो कोन असतो? रोज तीच मानसं असतात, का बदलून? एकाच आळीतली असतात का? ते इचार तुज्या सायबाला. मंग सांगन मी काय ते."

मी डोक्याला हात लावला. ज्यांनी पोरीला 'ये' म्हणून कळवलंय, त्या परक्या मोठ्या लोकांना हे विचारायचं? ते म्हणतील, ही मुलगी यायच्या आधीच कामाची चौकशी करतेय, ठेवा हिला घरी. मी मेघाला तसं म्हटलंही. पण तिने चप्पल घातली, मुरबाडला गेली आणि सायबर कॅफेत बसून विचारलं. माझी खात्री आहे, जगात कोणी असा ईमेल केलेला नसेल.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मेघा मुरबाडहून परतली तेव्हा आबा ओसरीवरच होते, आणि मी दाराआड नव्हे, चांगली दारात उभी होते.

तिने सांगितलं, "साखळीचं यंत्र आहे, आबा. ते चालवायचं, जनावर टेबलावर घ्यायचं, आणि काम झालं की फरशी धुवायची, ह्याची ड्युटी लावलेली असते. रोज वेगळ्याची. भिंतीवर नावं असतात. विद्यार्थी, कामगार, प्राध्यापक, सगळ्यांची. उत्तर तिथल्या मुख्य बाईंनीच लिहिलंय. त्यांचा वार मंगळवार."

आबा पुढे वाकले. "सायबीन सोता?"

"हो."

"फरशी पन?"

"फरशीपण. त्यांनी विचारलंय, हा प्रश्न का पडला म्हणून. मी लिहिलं, माझ्या आजोबांना कळायला हवं होतं."

आबांनी काठी आडवी मांडीवर घेतली, तिच्यावर हात फिरवला. डोळे पुसले नाहीत. ते तसेच वाहू दिले. "मंग जा," म्हणाले. "पन तुजा वार आला तर चुकवू नको. आनि दुसऱ्याचा वार कदी आपल्यावर घेऊ नको."

मेघाने त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मी आत गेले, पेटीमागचा बॅनर ओढून काढला आणि त्याच्यावरची धूळ झटकत उभी राहिले. महेंद्र संध्याकाळी आला, त्याला सांगितलं, तर म्हणाला, "मी म्हटलंच होतं." हा कधी म्हणाला होता, ते मला आजवर कळलेलं नाही.

सत्कार झाला. अध्यक्ष आबाच. सत्तावन सालची गोष्ट त्यांनी पहिल्यापासून सांगितली, मिठाच्या दुकानासकट, आणि आता तिला डेन्मार्कच्या बाईंचा मंगळवार जोडला. म्हणजे गोष्ट आणखी लांबली. मेघा सप्टेंबरात गेली. दर रविवारी दुपारी फोन करायची. आबा फोन हातात घेऊन एकच विचारायचे, "तुजा वार कुठला?" "गुरुवार, आबा." "केलीस ड्युटी?" "केली." एवढं ऐकलं की फोन माझ्या हातात.

आणि मग म्हशाची जत्रा आली. आबा सकाळी गेले, दरवर्षीसारखे, बैलबाजारात उभे राहायला. दिवस कलताना मी अंगणात तांदूळ निवडत होते. पाहते तर आबा येतायत. त्यांच्या हातात दोर. नवा, पिवळाधमक. आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला म्हैस!

मी सूप खाली आपटलं. "हे काय? मला विचारलंत? गोठा कुठाय? वैरण कुठाय?"

"व्हईल," आबा म्हणाले.

"आणि मेली म्हणजे?" सव्वीस वर्षं माझ्या पोटात साठलेलं एकदम बाहेर आलं. मी त्यांच्याच सुरात विचारलं, "मेली की वढनार कोन?"

आबांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. "आपलीच हाय," म्हणाले. "ज्याचा वार आसंल तो वढंल."

त्यांनी चुलीतला कोळसा घेतला आणि परड्याच्या भिंतीवर ड्युटी लिहायला लागले. शेण काढायचं, पाणी दाखवायचं, गवत टाकायचं. रविवार महेंद्र. शनिवार अनिकेत, म्हणजे माझा धाकटा, जो शिकायला कल्याणला मावशीकडे असतो आणि शनिवारी उगवतो. मंगळवार आबा. राहिलेले चारही वार: शालन. म्हणजे मी.

मी भिंत वाचली. दोनदा वाचली. शाळा माझी, स्वयंपाक माझा, आणि आता चार दिवस म्हैसही माझी! "आबा," मी म्हटलं, "दुसऱ्याचा वार आपल्यावर घेऊ नको, हे नातीला कोणी सांगितलं होतं?"

मला वाटलं, आता काठी उचलणार आणि विहारात जाणार. त्यांनी तळहाताने माझं नाव दोन ठिकाणी पुसलं, भिंत सगळी काळी केली, आणि त्या जागी कोळशाने सावकाश आपलं लिहिलं. एका वारावर माझ्या नावाशेजारी महेंद्रला कोंबला, कोर्टातून आल्यावर करावं म्हणून. वारांची अशी उलटापालट झाली. सायबिणीचा मंगळवार मात्र त्यांनी स्वतःकडेच ठेवला.